पाहुण्यांपुढचा नग

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात क्षेपणास्त्रात बसणारा एक छोटा व्हॉल्व्ह बनतो. क्षेपणास्त्र वर्षानुवर्षं पेटीत पडून राहतं. हा व्हॉल्व्ह त्यात एकदाच उघडायचा असतो, पण तेव्हा उघडलाच पाहिजे. तपासणी माझ्याकडे. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही, आणि हे मी साहेबांना अधूनमधून ऐकवतेही.

आमच्याकडे एक लाडका नग होता. कुणी पाहुणा आला, की साहेब तोच काढायला लावायचे. हवेचा दाब दिला की तो टक्कन उघडायचा. पाहुणा खूश, मग चहा-बिस्किटं.

एका खेपेला नेमका एक नग कमी पडला आणि ट्रक दारात उभा. साहेब मूळचे पलूसचे, घाई झाली की गावाकडचं बोलतात. म्हणाले, "आवं मॅडम, त्यो पाहुण्यांचा नग टाका की पेटीत. इतक्यांदा पास झालाय, त्याच्यापरीस खात्रीचा दुसरा कुठला हाय?"

माझं डोकंच फिरलं. "म्हणूनच टाकणार नाही," मी म्हणाले. "दर चाचणीत त्याची स्प्रिंग दबते, आतलं सील घासतं. त्याचं आयुष्य तुमच्या पाहुण्यांपुढंच सरलंय."

मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्नाआधी सांगलीला मावशीकडे मलाही असंच पाहुण्यांपुढं बसवायचे. नाव सांग, चालून दाखव, पोहे कुणी केले? मी पसंत पडायचे, देण्याघेण्यावर बोलणी मोडायची, की पुन्हा नवे पाहुणे. दर वेळी माझ्यातलं काहीतरी सैल व्हायचं. शेवटी एकदा मी स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही. मावशीनं अबोला धरला. धरू दे म्हटलं.

"सही करा," साहेब म्हणाले, "न्हाईतर उद्यापासनं दुसरं कुणीतरी करंल."

उद्याचं उद्या. मी नग उचलला, व्हाइसच्या लोखंडी पकडीत आवळला आणि करवतीनं मधोमध कापायला घेतला. हात भरून आले, पण मी थांबले नाही. पॅकिंगची माणसं काम सोडून बघत होती.

आत स्प्रिंग चकचकीत, सील जागच्या जागी. डोळ्यांना काहीच दोष दिसेना.

"बघा, चांगला हुता की!" साहेब ओरडले.

"असेल," मी म्हणाले. "पण तशी खात्री द्यायला मला त्याला आणखी एकदा दाब द्यावा लागला असता, आणि तो आणखी झिजला असता."

ट्रक एक नग कमी घेऊनच गेला. कागदावर सही माझी होती, आणि अजूनही माझीच असते.