उलटा चढवलेला घाट

मोताळ्याचे भाऊराव फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शन घेऊन परतल्यावर त्यांनी एक जुनी पिकअप घेतली. बाजाराच्या दिवशी माल, एरवी मिळेल ते भाडं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा.

एका उन्हाळ्यात गाडी तापून उभी राहिली. सोबतच्या गिऱ्हाइकानं मदत म्हणून घागरभर गार पाणी इंजिनावर ओतलं. कडकन आवाज झाला आणि ब्लॉकला चीर गेली. तसलं इंजिन अकोल्यालाही मिळेना. गावातल्या अर्जुनरावांच्या गोठ्यामागे महायुद्धाच्या काळातली एक मिलिटरी लॉरी सडत पडली होती. शेवटी तिचंच इंजिन काढून पिकअपमध्ये बसवलं. ते लांबीला जास्त, म्हणून बॉनेट कायमचं उतरलं. सपाटीला गाडी बरी चाले, चढ लागला की धापा टाकी. भाऊराव घाटाचं भाडं घेतच नसत.

मृग निघाला आणि त्यांची बायको तानाबाई पोटदुखीनं लोळू लागली. गावातल्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. "आत्ताच्या आत्ता बुलढाण्याले न्या. ऑपरेशन लागते." एसटी निघून गेली होती. मधे राजूर घाट.

मागे गोधडी अंथरली. बहीण बेबीताईंनी वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं. पहिल्याच चढावर गाडी थांबली आणि मागे घरंगळू लागली. भाऊरावांनी ती तशीच खाली येऊ दिली, रुंद जागा पाहून वळवली आणि रिव्हर्स टाकला. त्या गिअरात जोर सगळ्यात जास्त असतो, हे त्यांना फौजेत कळलं होतं.

मान वळवून, मागच्या बिनकाचेच्या खिडकीतून ते रस्ता बघत होते. रस्त्याच्या अलीकडे तानाबाईचा चेहरा होता.

"उलटे काऊन चालले हो?"

"सुलटी चढत नाई."

"चालू द्या मंग. तुमचं तोंड तरी दिसून राह्यलं."

अर्ध्या घाटात तिचा हात गोधडीवरून खाली घसरला.

"दादा, वैनी बोलून नाई राह्यली! थांबव!" बेबीताई ओरडल्या.

थांबता येत नव्हतं. त्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलली नसती.

"हाका मार तिले. मारत राह्य," भाऊराव म्हणाले. तेही हाका मारत होते, आणि पायानं अॅक्सिलरेटर दाबत होते.

माथा आला. दवाखाना आला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि तानाबाईचा हात हळूच खाली ठेवला.

पुढे बाजारात माणसं गाडीभोवती जमू लागली. "राजूर घाट उलटा चढवला म्हंते तुम्ही! ड्रायव्हर असावा तं असा!" कुणी पाहुण्याला मुद्दाम इंजिन दाखवायला आणी. मागे कोण होतं, हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

"हाव," भाऊराव म्हणत आणि पोती उतरवू लागत.