अर्ध्यावर सोडलेलं औषध

बाजारामागच्या गल्लीत ती कपडे दुरुस्त करायची. पँट आखूड करणं, चेन बदलणं, रफू. हाताबरोबर तोंडही चालू. वय जेमतेम पस्तीस, पण गिऱ्हाइकं तिला ‘मावशी’च म्हणत. सहा वर्षांच्या लेकीला वर्षात चौथ्यांदा हुडहुडी भरून ताप आला, लघवीला आग व्हायला लागली, तेव्हा मात्र मावशीची बोलती बंद झाली.

साध्या सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही. पण डॉक्टरीणबाईंचं समाधान होईना. “शिरेतून एक औषध देऊन पुन्हा बघू. त्यात अगदी बारीक बुडबुडे असतात. रक्त पोचतं तेवढी किडनी पडद्यावर उजळते. व्रण असला तर तो भाग काळा राहतो.”

“साबणाचे बुडबुडे?” लेकीने विचारलं.

“छे गं! साबणाचे असते तर तुझी आतून आंघोळ झाली असती.”

लेक खुदकन हसली. सुई टोचताना मात्र तिने आईचं बोट पिरगाळलं.

पडदा उजळला. डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला दोन डाग काळेच राहिले. मावशीला वेगळं सांगावं लागलं नाही.

“हे कशामुळे झालं, मॅडम?”

“पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग झाला आणि उपचार अपुरे पडले की होऊ शकतं. दरवेळी औषध पूर्ण दिलंत ना?”

“हो, हो,” शेजारी उभा असलेला नवरा म्हणाला.

“नाही,” मावशी म्हणाली. “दोनदा मध्येच बंद केलं. ताप उतरला होता, हिला मळमळायचं, शाळा बुडत होती. यांना मी सांगितलं नाही.”



“त्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणि त्याचा काही संबंध नाही, असंही नाही. हे डाग आता जायचे नाहीत. पण बाकीची किडनी चांगली आहे. नवा डाग पडू द्यायचा नाही. ताप आला की लगेच लघवी तपासायची, आणि रक्तदाबावर कायम लक्ष ठेवायचं.”

दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही ओरडला असता.”

“ओरडलो असतो खरा,” तो म्हणाला आणि लेकीचं औषध मोजून चमच्यात ओतायला लागला.

वर्षाने पुन्हा बुडबुड्यांची तपासणी झाली. डाग दोनच होते. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मावशीचा जीव काही भांड्यात पडला नाही. लेकीला संडासात जरा वेळ लागला की ती अजूनही दाराशी जाऊन उभी राहते.

“आई, जा ना तिकडे!” आतून आवाज येतो.

“जाते. आग होत नाही ना, तेवढं सांग.”