हिरव्या ओळी

माझ्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं माझी बायको पाहुण्यांसमोर सांगते. मी मान डोलावतो. तिचा समज खोडून काढावा असं कधीकधी वाटतं — पण मग काय ते सांगावं लागेल. आणि हे मी तिला सांगितलेलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं, त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात धाडस काहीच नाही, एवढं आधीच लक्षात घ्या.

सुरुवात कुठून करू? कामापासून करतो. कंटाळवाणं आहे, पण कंटाळवाण्या कामात पाप करणं सोपं जातं. तिथं डोकावायला कुणी येत नाही.

सोलापुरात होटगी रस्त्याला आमचं ऑफिस. साखर कारखाने, डिस्टिलऱ्या यांच्या पाइपलाइनचं डिझाइन आम्ही करतो. कुठलाही कारखाना जमिनीवर उभा राहण्याआधी कॉम्प्युटरवर दोनदा उभा राहतो. एकदा आकृतीत — कुठल्या टाकीतून काय निघतं, कुठं जातं, किती तापलेलं असतं. आणि एकदा मॉडेलमध्ये — तोच पाइप कुठल्या उंचीवरून, कुठल्या शिडीला चिकटून जातो. दोन्हींचे डेटाबेस वेगळे, करणारी माणसं वेगळी. मग दोघांचं एकमेकांशी जुळतंय की नाही, हे पाहायला तिसरी व्यवस्था लागते. दोन्हीकडचे शब्द सारखे नसतात. इकडचा हा रकाना म्हणजे तिकडचा तो, इकडं असं लिहिलं तर तिकडं तसं समजायचं — हे कुणीतरी बसून कॉम्प्युटरला एकदा सांगून ठेवावं लागतं. त्याला मॅपिंग म्हणतात. मग कॉम्प्युटर दोन्हीकडच्या ओळी शेजारीशेजारी मांडतो. जुळली की हिरवी, नाही जुळली की लाल.

सोलापूरकराला हे समजावून सांगायची गरज पडू नये. इथं एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी नांदतात, आणि मधे कुणीतरी एक असतो, जो ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला सांगतो. तो सांगेल ते खरं. ऑफिसात तो मधला माणूस मी होतो.

आता माझ्याबद्दल. मी समारंभांची टिंगल करणारा माणूस म्हणून मित्रमंडळीत प्रसिद्ध आहे. आमच्या शहरात माणूस निवडून आला की सत्कार, पडला की सांत्वनपर सत्कार, दवाखान्यातून घरी आला तरी हार तयार. मी मागच्या रांगेत बसून शेजाऱ्याच्या कानात शेरे मारायचो. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला एक सोय असते — आपण गर्दीत बसलेलो असतो, पण गर्दीतले नसतो, असं त्याला वाटत राहतं. हे सगळं कशाला सांगतोय? कारण मी जे केलं, ते एका सत्कारासाठी केलं. पैशासाठी केलं असतं तर निदान त्याला काही वजन असतं.

मंगळवेढ्याच्या बाजूला एका डिस्टिलरीचं काम आमच्याकडे होतं. त्याच कामावर आमच्या साहेबांनी ही जुळणीची नवी व्यवस्था आणली होती. ती बसवायची मी. मॉडेल करायचा मल्लिनाथ.

मल्लिनाथ वळसंगचा. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि कॉम्प्युटरसमोर बसला की दोन्ही बंद. वयानं माझ्यापेक्षा बराच लहान. डबा उघडला की शेंगाचटणी आधी माझ्या पोळीवर वाढायचा आणि मगच स्वतः घ्यायचा. पाइपावरचं इन्सुलेशन, म्हणजे वरून गुंडाळायचं जाड आवरण, तो मॉडेलमध्ये सर्वांत शेवटी टाकायचा. सगळेच तसं करतात.

"आत्ताच टाकलं तर मॉडेल लई जड चालतंय, सर," तो म्हणाला होता. "तुमची ती लाल-हिरवी यादी आली की जितं लाल दिसंल तितं टाकतो. हिरव्याला हात लावत न्हाई."

मी म्हणालो, "बरोबर. असंच कर."

हे वाक्य माझं आहे. ते विसरू नका. मी विसरलेलो नाही.

इन्सुलेशन दोन कारणांनी करतात. एक — आतली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून. त्यात कारखान्याचं इंधन वाचतं. दुसरं कारण असं, की काही पाइपांतली उष्णता वाया गेली तरी कारखान्याचं काही बिघडत नाही. पण तो पाइप माणसाचा हात लागेल अशा जागी असतो. त्याला भाजू नये म्हणून तेवढ्यापुरतं आवरण. त्यात फायदा कुणाचाच नाही, फक्त माणसाचा. आमच्या आकृतीत ही दोन्ही कारणं वेगवेगळी लिहिलेली होती. मॉडेलच्या बाजूला मात्र दोनच पर्याय होते: 'उष्णतेसाठी' आणि 'काही नाही'. माणसासाठी तिकडं शब्दच नव्हता.

म्हणजे काय झालं? मी पहिल्यांदा जुळणी चालवली, तेव्हा अशा सगळ्या पाइपांच्या ओळी लाल आल्या. दुसरं काही होण्यासारखंही नव्हतं. उपाय साधा होता — मॉडेलच्या बाजूला तिसरा पर्याय तयार करायचा, त्याची जाडी डिस्टिलरीच्या लोकांकडून मागवायची, मग दोन्ही जोडायचे. पत्रव्यवहार, फोन, वाट बघणं. आणि साहेबांनी तर सोहळा ठरवून टाकला होता. डिस्टिलरीचे अध्यक्ष येणार, भिंतभर पडदा लावणार, त्यावर मी जुळणी चालवून दाखवणार. मंडप, फेटे, सनईची रेकॉर्ड. एका सॉफ्टवेअरसाठी सनई — यावर मी घरी बरेच विनोद केले.

आणि मग ऑफिसात जाऊन त्या लाल ओळींकडे बघत बसलो.

किती सोपं होतं ते. आकृतीतलं 'माणसासाठी' म्हणजे मॉडेलमधलं 'काही नाही' — एवढीच एक जोडणी मी केली. पुन्हा चालवली. सगळं हिरवं.

चुकून झालं असतं तर मी हे लिहीत बसलो असतो का? मला नीट कळत होतं. मी 'माणूस' वाचलं आणि त्याच्यासमोर 'काही नाही' लिहिलं.

सोहळा देखणा झाला. पडद्यावर हिरव्या ओळी वर सरकत राहिल्या, जणू काही कुणी शेत पेरत चाललंय. अध्यक्षांना काही समजलं नाही, पण हिरवा रंग समजला. टाळ्या झाल्या. मला चादर पांघरली — आमच्याकडे शालीऐवजी चादर असते, आपल्याच शहराची. मल्लिनाथ मागं उभा राहून टाळ्या वाजवत होता. खाली उतरल्यावर मला म्हणाला, "सर, आज तुमी नवरदेव दिसलालाव."

मी हसलो. मला आवडलं होतं ते. टाळ्याही आवडल्या होत्या. मागच्या रांगेतला तो टवाळ माणूस एवढी वर्षं कशासाठी टवाळी करत होता, हे मला त्या दिवशी कळलं — त्याला पुढं कुणी बोलावत नव्हतं म्हणून.

सोहळ्यानंतर दुरुस्त करू, असं मी ठरवलं होतं का? स्वतःला मी तसंच सांगत आलो. पण खरं सांगतो — नंतर मी ते विसरलो नव्हतो. दुरुस्त केलं तर सगळं पुन्हा लाल होणार, आणि लाल कसं झालं हे सांगावं लागणार, एवढंच. मल्लिनाथनं यादी उघडली. लाल दिसलं तिथं इन्सुलेशन टाकलं. हिरव्याला हात लावला नाही. त्याच मॉडेलवरून कारखाना उभा राहिला.

कारखाना सुरू झाल्यावर एका कामगाराचा शिडीवर पाय घसरला आणि आधारासाठी त्यानं शेजारचा पाइप धरला. कुणीही तेच केलं असतं. पाइप उघडा होता. हात सोडला असता तर तो खाली पडला असता, म्हणून त्यानं पाइप धरून ठेवला. मेंढपाळाच्या घरातला होता, आसपासच्याच गावचा. जखम भरली, पण त्या हाताची बोटं पुन्हा पूर्ण उघडली नाहीत, असं ऐकलं. मी भेटायला गेलो नाही.

बातमी आली, तेव्हा मी सर्वांत आधी काय केलं? इथंच खरी गोष्ट सुरू होते. आधीची सगळी प्रस्तावना होती.

मी मॅपिंग दुरुस्त केलं. तिसरा पर्याय तयार केला, जाडी फोनवर विचारून भरली, जोडणी बरोबर केली. एवढ्या महिन्यांत जे झालं नाही, ते एका सकाळीत झालं. मनाला मी सांगितलं, आता पुढं तरी कुणाला भाजणार नाही. ते खरंही होतं. पण दुपारी साहेबांनी सगळ्यांना बसवून जुळणी चालवायला सांगितली, आणि त्याच पडद्यावर त्या सगळ्या ओळी लाल होऊन आल्या. शिडीशेजारचा तो पाइपही. माझी व्यवस्था निर्दोष होती. ती पहिल्यापासून ओरडून सांगत होती, असंच कुणालाही वाटलं असतं. आधीच्या हिरव्या ओळी कुणी छापून ठेवल्या नव्हत्या. हिरवं कोण जपून ठेवतं? आणि मॅपिंग कधी बदललं हे विचारायला मॅपिंग म्हणजे काय ते कळायला हवं. ऑफिसात ते एकट्या मला कळत होतं.

"मल्लिनाथ," साहेब म्हणाले, "लाल दिसतंय का तुला?"

"दिसतंय की, सर."

"मग तवा काय झोपला होतास?"

मल्लिनाथ पडद्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता हा म्हणेल, तेव्हा हे हिरवं होतं. त्यानं म्हणावं, अशी मी वाट बघत होतो — नाही, खोटं आहे हे. त्यानं म्हणू नये, एवढंच मला हवं होतं. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. संशयानं नाही. आपल्या मास्तरांसमोर उत्तर चुकलेला पोरगा पाहतो तसं. मग म्हणाला, "माझ्याच नजरेतनं सुटलं असणार, सर."

साहेबांनी मला विचारलं, तुमचं काय म्हणणं. मी म्हणालो, "मॉडेलचं काम मल्लिनाथकडे होतं."

यातला एकही शब्द खोटा नाही. तपासून बघा. आयुष्यभर मी भाषेचा एवढा अभिमान बाळगला, तिचा असा चोख उपयोग मला तेवढा एकदाच करता आला.

त्याला काढून टाकलं. सोलापुरात ही बातमी दुसऱ्या ऑफिसांत पोचायला वेळ लागत नाही, त्यामुळे तसलं काम त्याला परत मिळालं नाही. मी राहिलो. पुढं बढती मिळाली, तीही घेतली. ती चादर हिवाळ्यात मी पांघरतो. उबदार आहे.

गेल्या वर्षी अक्कलकोटहून परत येताना वळसंगला गाडी थांबवली. मुद्दाम थांबवली नाही. बायकोला पाणी हवं होतं. समोर ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान होतं, आणि शटर ओढून बंद करणारा माणूस मल्लिनाथ होता. मी उतरलो. तो धावत आला, पाया पडला, वहिनींनाही नमस्कार केला, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला. शेजारच्या टपरीवरून चहा आला. बोलता बोलता तो उठला, शटरचं कुलूप ओढून बघितलं, परत येऊन बसला. जरा वेळानं पुन्हा उठला.

टपरीवरचा एक म्हातारा हसला. "मल्लू, ते कुलूप हाय बे, म्हस न्हाय. किती वडतो? दूध निघंल आता त्यातनं."

सगळे हसले. मल्लिनाथही हसला. मग जरा ओशाळून मला म्हणाला, "काय करायचं, सर. तुमाला तर म्हाईतच हाय. माझ्या डोळ्यावर माझा भरवसा न्हाय. गिऱ्हाइकाला नळी मोजून दिली तरी बायकूला परत मोजाय लावतो. एकाचा हात गेला की माझ्यापायी." आणि मग — "तुमी तवा मला एक वाकडा शब्द बोलला न्हाईत. घरी अजून सांगतो मी."

माझी बायको कौतुकानं माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "होतं रे असं. मनावर घेऊ नकोस."

पुन्हा सांगतो, एवढंच म्हणालो. चहा संपवला, कप खाली ठेवला, गाडीत बसलो. गाडी सुरू केली तेव्हा आरशात तो परत शटरकडं निघालेला दिसला. कुलूप लागलेलं होतं. पहिल्याच वेळी नीट लागलं होतं. मी बघितलं होतं.