शाई भरणाऱ्याने दिलेला शब्द

मुलांच्या एका चित्रकथांच्या साप्ताहिकात तो सव्वीस वर्षं शाई भरत होता. शाई भरणं म्हणजे काय ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. चित्रकार पेन्सिलीने पान काढायचा. ते याच्या टेबलावर यायचं. हा ब्रश आणि टाक घेऊन त्याच रेघांवरून काळ्या शाईने जायचा, वाळलं की खालची पेन्सिल खोडरबराने पुसायचा, आणि पान छपाईला जायचं. बस्स. रेघ दुसऱ्याची, काळेपणा याचा. हात असा बसलेला की केसाइतकी रेघसुद्धा हलायची नाही. पण कोरा कागद पुढे ठेवून मांजर काढायला सांगितलं असतं, तर बटाट्याला शेपूट लावून मोकळा झाला असता. ऑफिसात त्याला मास्तर म्हणत. त्यात निम्मं कौतुक होतं, निम्मी थट्टा.

अंक खपायचा तो उडत्यामुळे. उडत्या म्हणजे पाठीवर लाल कापड सोडून आभाळातून येणारा तो वीर. त्याचं छापील नाव भलंमोठं होतं, पण ऑफिसात उडत्याच. त्याचा बाप कुठेतरी वर, ताऱ्यांच्या पलीकडे. त्याने आपला एकुलता एक पोरगा खाली पाठवलेला. पोरगा दिवसभर दुकानात कुलपं दुरुस्त करायचा आणि कुणी संकटात सापडलं की धावून जायचा. सगळ्यांना वाचवणार हा, आणि याला ओळखणारं कुणी नाही. मास्तर दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा माणूस. त्याने एकदा चित्रकाराला भीतभीत विचारलं, की हा तर आमचा येशूच झाला की. चित्रकार देवबिव न मानणारा. तो हसून म्हणाला, मग काय, सगळे तिथूनच उचलतात, मी एकट्यानेच काय घोडं मारलंय. मास्तरला राग यायला हवा होता, पण उलट बरंच वाटलं. आठवडाभर आपणही त्याच मालकाची चाकरी करतो, अशी त्याने मनाची समजूत घातली.

घरी मात्र बायकोने चर्च सोडलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी, बारकी, अकराव्या वर्षी तापाने गेली. नऊ दिवस ताप होता, आणि नऊही दिवस आई हॉस्पिटलच्या फरशीवर गुडघे टेकून होती. दहाव्या दिवशी ती उठली, ती पुन्हा म्हणून गुडघ्यावर बसली नाही. चर्चचे पाळक समजूत घालायला आले. तिने त्यांना चहा दिला आणि विचारलं, की देवाला तिला वाचवायचं नव्हतं एवढं सरळ का सांगत नाही? पाळकांनी चहा संपवला.

उडत्याला मात्र तिने सोडलं नाही. बारकी त्याची वेडी होती; माझे बाबा त्याला काळा करतात, असं शाळाभर सांगत फिरायची. ती गेल्यावरही अंक घरी येत राहिला, आणि आई दर गुरुवारी लाँड्रीतलं इस्त्रीचं काम आटोपून आली की बारकीच्या पलंगावर बसून तो मोठ्याने वाचायची. कुणाला ऐकू जावं म्हणून, हे विचारायची मास्तरची छाती झाली नाही.

एका गुरुवारी उडत्या मेला. धरणाची भिंत खचली, आणि अख्खं गाव बाहेर पडेपर्यंत त्याने दोन्ही हात पसरून ती रोखून धरली. बरगडीखाली लोखंडी सळई घुसली. शेवटच्या पानावर त्याला खडकातल्या एका खोलीत निजवून लोक आपापल्या घरी गेले. बरगडीतली जखम, खडकातलं थडगं, हे पान येशूच्या गोष्टीतून उचललंय ते मास्तरला शाई भरतानाच कळलं होतं. त्या एका सळईवर त्याने सबंध दुपार घालवली होती.

वाचून झाल्यावर बायको स्वयंपाकघरात आली. दूध संपलंय, किल्ली कुठे आहे, यापलीकडे ती तीन वर्षांत त्याच्याशी बोलली नव्हती.

"अहो, हा उठेल का?"

मास्तरचं काळीज सुपाएवढं झालं. "उठेल म्हणजे काय, तीन अंकांत उठतो बघ. आतली खबर आहे."

तिने नळ घट्ट बंद केला. मग म्हणाली, "तो उठला, तर त्या रविवारी मी येईन तुमच्याबरोबर."

आता कसली आतली खबर घेऊन बसलात. शाई भरणाऱ्याला फक्त आज समोर आलेलं पान ठाऊक असतं. पण आपल्या वीराला मारून तसाच कोण ठेवतं? चर्चमधला तिसऱ्या दिवशी उठला, तर हा उठायचा कुठे जातोय? एवढ्या भरवशावर गड्याने शब्द देऊन टाकला.

पुढच्या अंकात नुसता शोक होता. त्यानंतरच्या सोमवारी मालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, की वाचणारी पोरं उरली नाहीत, आजपासून गाशा गुंडाळायचा. बाकीचे नोकरीच्या काळजीत. मास्तरच्या डोक्यात एकच, की उडत्या खडकाच्या आतच राहिला.

तो तडक चित्रकाराच्या घरी गेला. बायकोचं सगळं सांगितलं, आणि आठ पानं नुसती पेन्सिलीने काढून द्या म्हणून हात जोडले. चित्रकार खाली बसला.

"तो कसा उठतो हे मलाच ठाऊक नव्हतं, मास्तर. खप पडला म्हणून मालकांनी मारायला सांगितलं, मी मारला. पुढचं पुढे, म्हटलं होतं."

मग एकच चित्र द्या, नुसता उभा असलेला, असं मास्तर म्हणाला. चित्रकाराने कागद ओढला, चार रेघा मारल्या आणि कागद चुरगळून टाकला. "वहिनींना फसवायला माझा हात धजत नाही. मी यातलं काही मानत नाही. तुम्ही मानता ना? मग तुम्ही काढा."

बायको लाँड्रीत गेली की मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसायचा. आयुष्यभर उठलेल्याची स्तोत्रं गाणारा माणूस, पण तो उठला की दिसतो कसा, हे त्याला आठवेना. बटाटे निघाले. दोन दिवसांत हात टेकले. तिसऱ्या दिवशी त्याने जुने अंक काढले, त्यांवर पातळ कागद ठेवला आणि एकातला चेहरा, दुसऱ्यातलं उडणारं अंग, तिसऱ्यातला खडक असं गिरवून एक पान जुळवलं. शाई मात्र अशी भरली, की त्याचा त्यालाच विश्वास बसला.

गुरुवारी त्याने ते पान पलंगावर ठेवलं आणि छापखान्यात राहिलेलं शेवटचं पान म्हणून सांगितलं. ती बसली. मोठ्याने वाचलं नाही. तिचं बोट चेहऱ्यावरून खाली येत बरगडीपाशी थांबलं.

"हा मरायच्या आधीचा आहे."

"अगं, उठलाय तो."

"उठला असता तर इथे जखम असती. तुमच्या चर्चमधल्याच्या अंगावर उठल्यावरही राहिली होती ना? इथे साधा ओरखडा नाही." ती शांतपणे बोलत होती. "हा बारकी असतानाचा आहे. हा चेहरा ज्या पानावरचा, ते तिने भिंतीला लावलं होतं."

मास्तरला भिंतीकडे बघवेना. "मला दुसरा काढता येत नाही गं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि उठून भांडी घासायला गेली. ती रागावली असती, कागद फाडला असता, तर परवडलं असतं.

रविवारी मास्तर बूट घालून दारात उगाच रेंगाळला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. तो एकटाच गेला. तिसऱ्या दिवशी तो उठला हे वाक्य म्हणायला सगळे उभे राहिले, तसा तोही राहिला. हे वाक्यही दुसऱ्या कुणीतरी काढून ठेवलेलं, आणि आपण जन्मभर नुसते त्यावरून गेलो, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. तोंड उघडेना. शेजारच्याने बसताना हळूच विचारलं, की आजही एकटेच का?

ती येणार होती, असं मास्तर म्हणाला, आणि बाकावर बसला.