लाल पुस्तकांची चोरी

आठवणीत ठेवण्यासारखं त्या गुन्ह्यात काही नव्हतं. खून नाही, दरोडा नाही. निवृत्तीनंतर मोठमोठी प्रकरणं पुसट झाली, पण ती घटना मात्र आजही आठवते.

नवरात्र चालू होतं. आमचा अर्धा स्टाफ टेंभी नाक्याच्या देवीच्या बंदोबस्तावर, म्हणून तपास माझ्याकडे आला. मी सहायक फौजदार, नोकरीचं शेवटचं वर्ष. बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समधले वयस्कर गृहस्थ मुलाला घेऊन आले. कपाटातली पुस्तकं चोरीला गेली म्हणाले.

पूर्वी पुस्तकांचे क्लब असत. वर्गणी भरली की महिन्याला एक पुस्तक टपालाने घरी येई. गृहस्थांनी तरुणपणी तसा एक संच जमवला होता. जुन्या फ्रेंच लेखकांच्या नावाजलेल्या गोष्टी, इंग्रजीतून. लाल बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला त्यातलं काही कळत नव्हतं. किंमत काय लिहू विचारलं, तर तेच म्हणाले की क्लबसाठी पुन्हा छापलेल्या पुस्तकांना बाजारात भाव नाही. भाव नसलेल्या वस्तूसाठी माणूस पोलीस स्टेशनची पायरी चढला, म्हणजे ती त्याला जवळची असणार.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना वाचायला बंदी होती. बंदी उठल्यावर कपाट उघडलं, तर तो कप्पा रिकामा. संशय कोणावर, असं विचारलं. वडील गप्प राहिले. मुलगा म्हणाला, स्वयंपाकाच्या बाईवर.

पंचनाम्याला गेले. कुलूप शाबूत होतं. किल्ली टीव्हीखालच्या खणात, सगळ्या घराला माहीत. खालच्या कप्प्यात चांदीची भांडी होती, त्यातली वाटीसुद्धा हललेली नव्हती. चांदी सोडून कागद नेणारा चोर मी तरी पाहिला नव्हता.

तोवर बाईचं नुकसान होऊन गेलं होतं. मुलाने सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचं नाव टाकलं आणि गेटच्या अ‍ॅपवर तिचा प्रवेश बंद झाला. तिची सगळी कामं त्याच गेटच्या आत होती. एक घर गेलं की सगळी घरं गेली.

तिला दिवसाउजेडी बोलावून जबाब घेतला. रडली नाही, चिडली होती.

"न्यायचंच असतं तर तूप नेलं असतं, मॅडम. पुस्तकं काय फोडणीला घालू?"

मग तिने सांगितलं की ती भाजी चिरत असताना आजोबा त्याच पुस्तकांतून वाचून तिला मराठीत गोष्टी सांगायचे. दोन भाऊ आणि एक विहीर अशी एक गोष्ट डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे अर्धी राहिली होती. विहीर कोणाला मिळाली, ते तिला अजून कळायचं होतं.

मी परिसरातल्या रद्दीवाल्यांना निरोप दिला: लाल बांधणीची इंग्रजी पुस्तकं आली तर कळवा. दोनेक दिवसांनी घोडबंदर रोडवरच्या एका रद्दीवाल्याचा फोन आला. त्याच्याकडे इंग्रजी पानांचे गठ्ठे पडले होते, पुट्ठे नसलेले, कटरने सरळ कापलेले.

"शूटिंगवाल्यांचा माल आहे, मॅडम," तो म्हणाला. "त्यांना फक्त नावाची बाजू लागते. बाकी सगळं आपल्याकडे."

त्या रस्त्याला मालिकांचे सेट आहेत. एका सेटवर श्रीमंत सासऱ्याची अभ्यासिका उभी केली होती. भिंतीवरच्या फळीला लाल पाठी ओळीने चिकटवलेल्या, मागे काही नाही, नुसतं प्लायवूड. सजावट बघणारा माणूस घाबरला आणि लगेच बोलला. पुस्तकं त्याच्या मित्राने स्वतः गाडीतून आणून दिली होती. मित्र म्हणजे फिर्यादीचा मुलगा.

मुलाला एकट्याला बोलावलं. आधी आवाज चढवला, फळीचं नाव काढताच खाली बसला. मित्राने थोड्या दिवसांसाठी मागितली होती, कापतील असं वाटलं नव्हतं, बाबांना पुन्हा वाचता आलंच नसतं तर त्यांना कळलंही नसतं, असं बरंच काही सांगत राहिला.

"तक्रारीला आलात तेव्हा कापल्याचं माहीत होतं?"

"होतं."

"मग तिचं नाव का घेतलंत?"

"तुम्हीच विचारलंत, संशय कोणावर. मी फक्त उत्तर दिलं."

नोकरीत मी अट्टल गुन्हेगारांच्या थापा ऐकल्या, पण इतकं साळसूद उत्तर क्वचित मिळालं.

साहेबांनी 'क' समरी पाठवायला सांगितली, म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार. कागद मिटला. मी मुलाला म्हटलं, जिथे चोर म्हणून लिहिलंत तिथेच खरं काय ते लिहा. तो म्हणाला, ग्रुपवर कशाला मॅडम, सेक्रेटरीला फोन करतो. मी त्याच्यासमोर बसून राहिले. शेवटी वडिलांना आणि बाईलाही बोलावून घेतलं.

मुद्देमालाची फळी टेबलावर ठेवली. गृहस्थांनी सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं. मुलाकडे बघितलं नाही. मग बाईला म्हणाले, "उद्यापासून ये. विहिरीची गोष्ट मला पाठ आहे. पुढची सांगतो."

ती उभीच होती.

"विहीर राहू द्या, आजोबा. आधी गेट उघडायला सांगा."

मुलाने तिथेच मोबाइल काढून लिहिलं. मी वाचून बघितलं, मगच त्याला जाऊ दिलं. संध्याकाळपर्यंत गेट उघडलं. काही घरांनी तोवर दुसरी बाई लावली होती, ती तिला परत मिळाली नाहीत. आजोबांच्या घरी ती पुन्हा गेली नाही.

चोरीच्या तपासात काय गेलं याच्याआधी पहिलं नाव कोणी घेतलं ते लक्षात ठेवावं, हे मी निवृत्त होईपर्यंत पोलीस स्टेशनला आलेल्या प्रत्येक नव्या पोरीला शिकवलं. मुलाच्या खोट्याचा वास मला त्या चांदीच्या कप्प्यापाशीच आला होता. पण जिला रोज गोष्टी सांगितल्या, तिच्या बाजूने वडिलांच्या तोंडून तक्रारीच्या दिवशी एक वाक्य निघालं नाही. ते मी कुठेच नोंदवू शकले नाही. त्याला कलम नाही.