मशीनपेक्षा संथ

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात खिडकीपाशी बसून पुस्तकं देणारे काका एकेकाळी बँडमध्ये गात होते, हे मला दुसऱ्या वर्षाला असताना कळलं. तोवर त्यांच्याशी माझं बोलणं पुस्तकाची मुदत वाढवून घेण्यापलीकडे गेलं नव्हतं. गॅदरिंगला मी ड्रम वाजवला. त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुस्तकावर शिक्का मारता मारता, मान वर न करता त्यांनी विचारलं, की हे कुठं शिकलीस.

मी सांगितलं, पण सांगताना संकोच वाटला. सांगोल्याकडच्या आमच्या शाळेत परेडचा मोठा ड्रम माझ्या गळ्यात असायचा. ड्रमसेट मी सोलापुरात आल्यावर पहिल्यांदा पाहिला. घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच, त्यामुळे असं काही शिकायचं असेल तर कुणाला विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. सांस्कृतिक विभागाची खोली उघडी दिसली की आत जायचं आणि कुणी उठवेपर्यंत वाजवायचं, असं मी शिकले.

काका म्हणाले की त्यांचा बँड बंद पडून वीस-पंचवीस वर्षं झाली. आता पुन्हा एकत्र येऊन एक अल्बम करायचाय आणि ड्रमला कुणी नाही. पूर्वीचे ड्रमवाले भिवंडीला कामाला गेले ते तिकडचेच झाले.

गॉथिक रॉक हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ग्रंथालयातल्या शब्दकोशात सापडला नाही म्हणून मोबाइलवर शोधला. काळे कपडे, संथ ड्रम, जड बास आणि खोल आवाजात म्हटलेली बंद घरांची, गेलेल्या माणसांची गाणी. मला दिसले ते सगळे बँड परदेशातले होते. यांची गाणी मात्र मराठी होती. काकांनी जुन्या कॅसेटवरून उतरवून पाठवलेलं पहिलंच गाणं एका माणसाचं होतं, ज्याला बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा अजून रोज पहाटे ऐकू येतो. ते मी होस्टेलच्या जिन्यात बसून ऐकलं आणि लगेच परत ऐकलं. मला हे गाणं वाजवायचं होतं. इतकं ठामपणे याआधी मला फक्त कॉलेजला यायचं होतं.

तालीम बँडमधल्या गिटारवाल्या काकांच्या कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी. टॉवेलचं सूत रंगवण्याचा त्यांचा छोटा कारखाना आहे. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि रागावले की दोन्ही. तिसरे बासवाले काका, ते मोटारी रिवाइंड करतात. त्यांनीच मला पहिल्या दिवशी सगळा इतिहास सांगितला. बँडचे काळे शर्ट याच कारखान्याच्या हौदात रंगवलेले असायचे, आणि कार्यक्रम संपेपर्यंत घामानं मानाही काळ्या व्हायच्या. कार्यक्रम वर्षातून एकदाच, संक्रांतीला. कारण त्या एकाच दिवशी काळं घातलं तर कुणी काही म्हणत नसे. पुढे पैशांसाठी गिटारवाल्या काकांनी एका लग्नाची ऑर्डर घेतली. मुलीकडच्यांनी काळे शर्ट बघून यांना मांडवाच्या दारातच अडवलं. गिटारवाल्या काकांनी कुठून तरी पिवळी जॅकेटं आणली. गायक काकांनी जॅकेट घडी घालून खुर्चीवर ठेवलं आणि घरी गेले. त्यानंतर दोघं बोलले नाहीत, ते या संक्रांतीपर्यंत.

"एका जॅकेटासाठी?" मी विचारलं.

"पिवळं होतं की ओ ते," बासवाले काका म्हणाले. "लई पिवळं."

आता त्यांनी ठरवलं होतं की जसं होतं तसंच करायचं. गिटारवाल्या काकांनी कॅसेटवरच्या गाण्याचा वेग मोजून तो ड्रमच्या मशीनमध्ये घातला होता. परदेशात कित्येक बँडना ड्रमवाला नसतोच, मशीन असतं, असं त्यांनी मला सांगितलं. ते दमत नाही आणि त्याच्या परीक्षाही नसतात. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. पण रेकॉर्डिंगच्या दिवशी पहिलं गाणं माझ्याकडून जमलं नाही तर पूर्ण अल्बम मशीनवर होणार, हे त्यांनी सरळ सांगितलं.

आणि जमत नव्हतं. दर वेळी गाणं तिसऱ्या ओळीवर मोडायचं. ती ओळ लांब आहे, एका दमात म्हणायची, आणि शेवटचा शब्द धरून ठेवायचा. तिथं गायक काका मागे राहायचे, गिटार पुढे जायची, आणि गिटारवाले काका माझ्याकडे बघायचे.

"पळतीयेस तू," ते म्हणायचे.

मलाही तेच वाटायचं. परेडची सवय, दुसरं काय. मी रोज होस्टेलच्या खोलीत उशीवर काठ्या मारत, मोबाइलवरच्या ताल मोजणाऱ्या टकटकीबरोबर तेवढाच वेग धरायला शिकत होते. आईनं फोनवर तो आवाज ऐकला. म्हणाली, "सुतारकाम शिकाय लागलीस व्हय?" मी सगळं समजावून सांगितलं. काळे शर्ट, भोंगा, मशीन. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला येतंय न्हवं? मग बस तितंच. उठू नगंस."

मी उठले नाही. पण पुढच्या तालमीला गिटारवाल्या काकांनी मला थांबवून मशीनच लावून बघितलं. गाणं तिथंच मोडलं, त्याच ओळीवर. गिटारवाले काका म्हणाले की वायर ढिली असेल. बासवाले काका उठले आणि त्यांनी वायर तपासली. वायरला काही झालेलं नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं असं मला आता वाटतं.

मला ते कळलं ग्रंथालयात. गायक काका पुस्तकांचा गठ्ठा घेऊन वरच्या मजल्यावर निघाले होते. जिन्याच्या वळणावर ते थांबले आणि तिथल्या सूचनाफलकाकडे बघत राहिले. त्या फलकावर गेल्या वर्षीच्या निबंध स्पर्धेचा एक कागद आहे, बाकी काही नाही. त्यांचे खांदे वरखाली होत होते. ते शांत झाल्यावर काका पुढं चढले. मी पाहिलेलं त्यांना दिसलं नाही.

म्हणजे मी पळत नव्हते. मी बरोबर कॅसेटएवढंच वाजवत होते, आणि मशीनही. कॅसेटवरचा गायक तरुण होता.

हे सांगायचं कसं? "काका, तुम्हाला दम लागतो" हे वाक्य मी मनात पुष्कळदा जुळवलं. वयानं एवढ्या मोठ्या माणसाला, ज्यानं स्वतःहून मला बोलावलं, त्याच्या मित्रांसमोर. मला नाही जमलं. मोबाइलची टकटक मात्र मी बंद केली. आठवडाभर रोज काकांच्या त्या जिना चढण्याएवढा वेग मनात धरून उशीवर वाजवत राहिले. संथ वाजवणं फार अवघड असतं. दोन ठोक्यांच्या मधली जागा भरून टाकावीशी वाटते. हात आवरून बसावं लागतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मायक्रोफोन सुताच्या गठ्ठ्यांमध्ये उभे केले होते. मशीन टेबलावर जोडून तयार होतं. मी काठीवर काठी आपटून सुरुवातीचे चार ठोके दिले, माझ्या वेगानं.

सुरुवातीलाच गिटार थांबली. "झोपलीस का गं? मयताला निघालोय का आपण?"

"आपली गाणी मयताचीच हायेत की," बासवाले काका म्हणाले.

ते हसले, पण गिटारवाले काका हसले नाहीत. त्यांनी मशीनच्या बटणाकडे हात नेला. जसं होतं तसंच ठरलंय, म्हणाले.

"काका, मी असंच वाजवणार आहे," मी म्हणाले. "एकदा पूर्ण होऊ द्या. नाही पटलं तर मशीन लावा. मी परत यायची नाही."

गायक काका माझ्याकडे बघत होते. मी संथ का वाजवतेय, ते त्यांना कळलं असावं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "दे ठोके."

या वेळी मी कुणाच्या हातांकडे पाहिलं नाही, फक्त त्यांच्या खांद्यांकडे. तिसऱ्या ओळीआधी खांदे वर गेले आणि मी तेवढी थांबले. त्यांनी ओळ घेतली. आवाज कॅसेटवरच्यापेक्षा खरखरीत होता आणि कितीतरी खाली उतरलेला. शेवटचा शब्द त्यांनी धरला, आणि धरूनच ठेवला. कारखान्याच्या पत्र्याखाली तो बराच वेळ घुमत राहिला. भोंगा तसाच वाजत असेल, असं मला वाटलं.

गाणं संपल्यावर गिटारवाले काका बोटं चोळत उभे होते. ते तेलुगूत काहीतरी म्हणाले, मला कळलं नाही. मग त्यांनी मशीनची वायर काढली, नीट गुंडाळली आणि मशीन सुताच्या गठ्ठ्यामागं ठेवून दिलं.

सोमवारी मी पुस्तक परत करायला गेले. काकांनी शिक्का मारला, मान वर न करता.

"रविवारी लवकर ये," ते म्हणाले. "पुढच्या गाण्यातली ओळ याहून लांब आहे."