कागदाच्या ज्वाळा

मळमड्डीच्या कन्नडभाषक वस्तीत राहत असताना एका रविवारी शेजारच्या ताईंनी मला त्यांच्या मुलीला चर्चच्या बालवर्गात सोडायला सांगितलं. अळणावरकडून नुकतीच आलेली ती मराठी बोलणारी पोर कन्नड येत नसल्याने वर्गात मुकीच बसायची. आजही रडत परतली, तर पुन्हा पाठवणार नाही, असं ताई म्हणाल्या होत्या.

वर्ग घेणाऱ्या अक्का साठीच्या असाव्यात. पदराला डिंक पुसायची त्यांना सवय होती. त्या कन्नडमध्ये पेंटेकॉस्टची गोष्ट सांगत होत्या. येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, डोक्यांवर ज्वाळा दिसल्या आणि परमुलखातल्या लोकांना त्यांचं बोलणं आपापल्या भाषेत कळलं. मुलं मुकुटासाठी कागदी ज्वाळा रंगवत होती. हिची ज्वाळा कोरीच होती.

"अक्का, मी तिला मराठीत सांगू?" मी विचारलं.

"नको अण्णा. आजची गोष्ट मीच तिच्या भाषेत सांगायला पाहिजे."

मग त्या अडखळत मराठीत बोलू लागल्या, "मोठा वारा आली. आग डोक्यावर बसला."

मुलं खिदळली. अक्काही हसल्या. "हसा रे, पण हात चालू द्या!"

"केस नाही जळले?" पोरीने हळूच विचारलं.

"एक पण नाही, बाळा."

तिने लाल खडू उचलला.

मला कन्नड कळायचं, पण घरातला पहिला पदवीधर मी, चुकेन म्हणून बोलत नसे. निघताना अक्कांचे आभार मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्येच मानले. मुलं पुन्हा खिदळली, आणि या वेळी तीही.